अनुभवाचा वारस

पिंपळगाव बसवंतजवळ कादवा नदीवर पालखेड धरण आहे. अशा धरणाचा कालवा कोठे पाझरतो, दरवाजा केव्हा अडतो, हे नकाशात नसते. ते ज्येष्ठ अभियंत्यांच्या स्मरणात असते. सर विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये नाशिकला सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा तेही नवखेच होते. खडकवासल्याचे त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ चे, म्हणजे एकोणीस वर्षांच्या अनुभवानंतरचे. १९२० मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा देऊन नोकरी करणारे कित्येक तरुण अभियंते झाले. मात्र वर्गणी भरल्याने सभासदाचे कर्तव्य संपत नाही. वारसनोंद नसलेली ठेव बँकेत पडून राहते, अनुभवाचेही तसेच. निवृत्त सभासदाने महिन्यातून एक दिवस नवोदितांना कालव्यावर सोबत न्यावे, त्यांचे प्रश्न ऐकावेत. हेही ज्ञानदानच होय.