सशाचं काळीज

भित्र्या माणसाला आपण 'सशाच्या काळजाचा' म्हणतो. घरात ससा आल्यापासून मला हे काही पटत नाही. कुत्र्याला दुखलं तर ते कण्हतं, ससा मात्र कोपऱ्यात गप्प बसून राहतो. दुखणं दाखवणारा ससा रानात आधी पकडला जाणार, म्हणून लपवायचं! आपल्याला कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या बारीक झाल्या किंवा बंद पडल्या, की "उद्या बघू" म्हणून चालत नाही. आणि आम्ही राहतो घणसोली गावात. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर मिळतात, पण ससा नीट तपासणारा शोधून ठेवावा लागतो. परळला जनावरांचं जुनं मोठं इस्पितळ आहे, १८८६ सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच. पण रात्री ठाण्याची शेवटची गाडी गेली की परळ म्हणजे परदेशच.

म्हणून फ्रीजवर एक कागद चिकटवलाय. डॉक्टरांचे नंबर, ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर आणि दर रविवारी केलेलं वजन. (औषध वजनावर ठरतं.) एका डब्यात सुई नसलेल्या सिरिंज, थर्मामीटर, मऊ फडकी, सुकं गवत. सशाचा ताप ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतो. कान गार आणि ताप ३८ च्या खाली, म्हणजे लगेच निघायचं. फ्रीजरमध्ये पाण्याची एक बाटली कायम गोठवलेली. मे महिन्यात लाईट गेली की ती फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवायची आणि कान साध्या पाण्याने ओले करायचे.

कागदाच्या तळाशी लाल शाईत 'हे नाही': तोंडावाटे अमॉक्सिसिलिन नाही, पोटातले उपयोगी जंतू मरतात. फिप्रोनिलचा पिसवांचा फवारा नाही. पोट फुगून टणक झालं असेल तर जबरदस्तीने भरवायचं नाही.

शेजारच्या काकू हसल्या होत्या, "अहो, माणसांसाठी तरी एवढं करता का?"

मागच्या पावसाळ्यात एका रात्री कापश्या कोथिंबिरीच्या जुडीकडेही बघेना. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कागदावर होतं. पोट मऊ होतं, कान कोमट. "थोडं थोडं भरवा, सकाळी सातला घेऊन या," म्हणाले. मुलगी सिरिंज धरून बसली, मी त्याला फडक्यात धरून. पहाटे चारला एक लेंडी पडली. वाटाण्याहून लहान! आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. सातला दवाखान्यात गेलो ते गेलोच. इंजेक्शनं झाली, दुसऱ्या दिवशी गडी गवत खायला लागला.

मुलीने नंतर विचारलं, "बाबा, डबा होता म्हणून वाचला ना?"

हो म्हणणं सोपं होतं. पण तसं नेहमी होत नाही. सगळं हाताशी असूनही ससा जातो. मी तिला एवढंच म्हणालो, त्या रात्री आपण शोधाशोध करत धावलो नाही, त्याच्याजवळ बसू शकलो. तयारीचा खरा उपयोग मला तरी तेवढाच दिसतो.

आता काकूंच्या फ्रीजवरही एक कागद आहे. काकांच्या बीपीच्या गोळ्यांचा.