आधी कोण पोचलं?

‘रिप्रोड्यूस होत नाही’ हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात उदास वाक्य. मी वितरित साठवणुकीच्या सॉफ्टवेअरवर काम करते. फाइल सिस्टिम एकच, पण कित्येक मशीनवर पसरलेली. त्यातलं कुठलंही मशीन कधीही बंद पडू शकतं, आणि तरीही वापरणाऱ्याला वाटलं पाहिजे की समोर एकच डिस्क आहे. हा आभास टिकवायचं बरंचसं ओझं लॉकवर असतं. माझ्याकडे येणारे बग बहुतेक त्याच जातीचे: दोघांनी एकाच वेळी लिहिलं, नाहीतर दोघंही एकमेकांची वाट बघत बसले. पहिल्याला रेस म्हणतात, दुसऱ्याला डेडलॉक. डेडलॉक त्यातल्या त्यात सज्जन. सगळं जागच्या जागी थांबलेलं असतं. डंप काढायचा आणि कोण कुणासाठी अडलंय ते चहा पीत वाचायचं. रेस मात्र आपलं काम उरकून निघून गेलेली असते. फाइलच्या मधोमध ४०९६ बाइटचा एक तुकडा जुनाच राहिलेला दिसतो. तो कुणी ठेवला, कधी ठेवला, याचा मागमूस नसतो.

लॉक म्हणजे काय हे मला कॉलेजच्या पुस्तकापेक्षा काकांमुळे नीट कळलं. आम्ही मूळचे औंढा तालुक्यातले, आणि काका रेल्वेत पॉइंट्समन होते. पूर्णा–हिंगोलीसारख्या एकेरी मार्गांवर मीटरगेजच्या काळात समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून टोकन चालायचं. दोन स्टेशनांत दोन यंत्रं, तारेने एकमेकांना बांधलेली. दोन्ही मिळून एका वेळी एकच लोखंडी गोळा बाहेर येऊ देणार. तो गोळा कातडी पिशवीत घालून, वेताच्या कड्यासकट ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. गोळा हातात नसेल तर गाडी हलायची नाही. मी काकांना म्हटलं, आमचं तसंच आहे, फक्त स्टेशनं शंभर आणि गोळे लाखो. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, “अन् गोळा घेऊन ड्रायव्हर मधीच बसून राहिला तर काय करता गं तुम्ही?”

मुलाखतीत मी उमेदवारांना नेमकं हेच विचारते, आणि निम्म्यांना ते सुचत नाही. रेल्वेत असं झालं की माणूस रुळावरून चालत जातो, डोळ्यांनी बघून येतो. तोवर तो टप्पा बंद. आमच्याकडे चालत जाणारा माणूस नसतो. म्हणून लॉकला मुदत असते: अमुक सेकंदांत ‘मी जिवंत आहे’ असा निरोप आला नाही, तर लॉक काढून दुसऱ्याला द्यायचा. मुदत आली की नवा घोटाळा आलाच. पहिलं मशीन मेलेलं नसतं, नुसतं थिजलेलं असतं. मेमरी साफ करण्यात गुंतलेलं, नाहीतर व्हर्च्युअल मशीन म्हणून कुणीतरी क्षणभर थांबवलेलं. ते जागं होतं. आपण थांबलो होतो हे त्याला माहीतच नसतं. लॉक आपलाच आहे अशा समजुतीत ते अर्धवट राहिलेलं लिखाण पूर्ण करतं, दुसऱ्याच्या नव्या मजकुरावर. यावरचा उपाय गुगलच्या चबी या लॉक-सेवेवरच्या २००६ सालच्या निबंधात आहे: लॉक देताना चढता क्रमांक द्यायचा, आणि लिहून घेणाऱ्याने जुना क्रमांक दिसला की सरळ नकार द्यायचा. म्हणजे शेवटचा राखणदार लॉक नव्हे, डिस्क. हे डोक्यात बसायला बऱ्याच जणांना वेळ लागतो, कारण लॉक घेतला की आपण सुरक्षित, असं शिकवलेलं असतं. ते एका मशीनपुरतं खरं आहे.

आता एक बग जवळून दाखवते. अ मशीनने एका फाइलवर लिहिण्याचा लॉक मागितला. लॉक-सर्व्हरने तो दिला आणि ‘दिला’ असा निरोप पाठवला. लगेचच ब मशीनने तोच लॉक मागितला, म्हणून सर्व्हरने अ कडे दुसरा निरोप धाडला, ‘परत कर’. दोन निरोप, दोन वेगळी कनेक्शनं. दुसरा आधी पोचला. अ ने आपली यादी पाहिली. तिच्यात असा लॉक नव्हताच. त्याने प्रामाणिकपणे कळवलं, ‘माझ्याकडे नाही.’ सर्व्हरने त्याचा अर्थ ‘सोडला’ असा घेतला आणि लॉक ब ला दिला. मग रेंगाळलेला पहिला निरोप अ कडे पोचला, ‘दिला’. आता मालक दोन.

यात खोटं कुणीच बोललेलं नाही. प्रत्येक फंक्शन वेगळं काढून तपासलं तर बिनचूक. चूक आहे ती कुठेही न लिहिलेल्या एका गृहीतात: आधी पाठवलेलं आधी पोचतं. ही शर्यत आमच्याच नशिबी नव्हती. एनएफएस या फाइल-प्रोटोकॉलच्या ४.१ या आवृत्तीत, २०१० साली, तिच्यासाठी खास तरतूद केली गेली. हक्क परत मागताना सर्व्हर सांगू शकतो की तुझ्या अमुक विनंतीच्या उत्तरात तो दिला होता. ते उत्तर अजून आलं नसेल तर आधी त्याची वाट बघ.

असा बग सापडतो कसा? पहिला मोह लॉगमध्ये चार ओळी वाढवण्याचा. वाढवल्या की बग गायब. लॉग लिहायलाही वेळ लागतो, बऱ्याचदा लॉकही लागतो, आणि तेवढ्यात निरोप आपापल्या जागी पोचतात. बघायला गेलं की लपणाऱ्या या बगांना जिम ग्रे यांनी १९८५ च्या निबंधात हायझेनबग म्हटलं. म्हणून मी फाइलमध्ये लिहीत नाही. प्रत्येक थ्रेडला मेमरीत छोटी गोल पाटी देते. तिच्यावर मजकूर नाही, नुसते आकडे. क्रॅश झाला की सगळ्या मशीनच्या पाट्या गोळा करायच्या. इथे खरी पंचाईत सुरू होते. मशीनची घड्याळं एकमेकांपेक्षा मिलिसेकंदांनी पुढेमागे असतात, आणि आपल्या घटना मायक्रोसेकंदांत घडलेल्या. वेळेनुसार लावलं की प्रश्नाआधी उत्तर येतं.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवलं की घड्याळावर विसंबायची गरज नाही. निरोप पाठवणं हे तो मिळण्याआधीच घडतं. एका मशीनवरच्या घटनांना त्यांचा क्रम असतोच. एवढ्यावरून जेवढा क्रम लागतो तेवढाच खरा. बाकीच्या घटनांत ‘आधी’ नाही आणि ‘नंतर’ही नाही. हे त्यांना आइन्स्टाइनच्या विशेष सापेक्षतेशी असलेल्या साम्यातून सुचलं होतं.

सापेक्षता आता आमच्या तालुक्यात रोजच्या बोलण्यात आली आहे, हे विशेषच. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा, एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेला २६०० कोटींचा खर्च. गुरुत्वीय लहर कुठल्या दिशेने आली हे ठरवताना तिथेही प्रश्न तोच, आधी कोण? १४ सप्टेंबर २०१५ ची पहिली लहर अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनला आधी पोचली आणि हॅनफर्डला सुमारे सात मिलिसेकंदांनी नंतर. त्या लोकांचा मला थोडा हेवा वाटतो. त्यांची घड्याळं जीपीएसला बांधलेली, आणि तुलना लहर येऊन गेल्यावर करायची. आम्हाला निरोप हातात असतानाच निवाडा द्यावा लागतो. गुगलने २०१२ मध्ये स्पॅनर या आपल्या डेटाबेसची माहिती दिली तेव्हा कळलं की त्यांनी डेटा सेंटरात जीपीएस आणि अणुघड्याळं बसवली, आणि तरीही घड्याळाला जेवढी शंका आहे तेवढा वेळ चक्क थांबून राहायचं ठरवलं. इतका पैसा ओतून विकत काय घेतलं, तर किती थांबायचं याचा नेमका आकडा. मला ते फार आवडलं.

पुण्यात साठवणुकीच्या या विद्येची बरी परंपरा आहे. व्हेरिटास कंपनीच्या पुण्यातल्या केंद्रात साठवणुकीच्या सॉफ्टवेअरवर काम करणारी एक पिढी तयार झाली. २००८ मध्ये ड्रुवा ही कंपनी सुरू करणाऱ्यांतले मिलिंद बोराटे त्यातलेच. त्या पिढीतल्या एका ज्येष्ठाकडून मी एक सवय उचलली. पॅच बघण्याआधी कागद मागायचा. कागदावर प्रत्येक मशीनचा एक उभा रकाना, वेळ वरून खाली, आणि बग घडायला लागणाऱ्या सगळ्या घटना त्याच क्रमाने. कागद नसेल तर पॅच बघायचाच नाही. कारण कागदाशिवाय येणारे पॅच मला पाठ आहेत. कुणी मधे एक सेकंदाची झोप घालतं, कुणी तीनदा प्रयत्न करायला लावतं, कुणी सगळ्यावर एकच थोरला लॉक टाकतं. तिन्हींनी बग दिसेनासा होतो. थोरल्या लॉकने तर कामाचा वेगही बसतो, आणि सहा महिन्यांनी तो वेग परत मिळवायला कुणीतरी लॉक फोडतं, की मूळ दुखणं पुन्हा वर. दिसेनासा झालेला बग मी बंद करत नाही. मॅनेजरशी यावरून वाद होतात, ते चालायचंच.

माणसाच्या डोक्याला किती पायऱ्या पेलतात, हाही प्रश्न आहेच. ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी लॅम्पोर्ट यांच्याच टीएलए-प्लस या भाषेने डायनॅमोडीबी या डेटाबेसचा आराखडा तपासला, तेव्हा एक चूक निघाली; तिथवर पोचायला किमान ३५ पायऱ्या लागत होत्या. पस्तीस पायऱ्यांचा कागद हाताने कोण लिहिणार? पण असा क्रम कधीतरी घडतोच. २००३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिका-कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली, त्यामागचं एक कारण असं की नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा अशाच एका शर्यतीने गप्प झाली होती. तेही सॉफ्टवेअर बराच काळ विनातक्रार चाललं होतं.

वरच्या त्या ‘दिला’–‘परत कर’ बगसाठी आम्ही कोडमध्ये एक थांबा ठेवला आहे. टेस्ट चालू असताना ‘दिला’ हा निरोप तिथे मुद्दाम अडवायचा, ‘परत कर’ पुढे जाऊ द्यायचा, मग सोडायचा. ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डमध्ये तो बंद असतो. नवीन आलेल्या प्रत्येकाला तो काढून टाकावासा वाटतो. मध्यंतरी एका मुलाने निरोपांच्या दोन रांगा एकत्र केल्या आणि ती टेस्ट लाल झाली. तो म्हणाला, “मॅडम, फ्लेकी आहे, दुसऱ्यांदा चालवली की पास होते.” मी कागद मागितला. संध्याकाळी तो कागद घेऊन आला. एक रकाना जास्तीचा होता, आणि त्यातला क्रम माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता: परत मागणारा सर्व्हर मधेच बदलला होता, आणि नव्याच्या क्रमांकांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली होती.