उतरणीचे रंग

"आई, मोटारीतूनच बघू या. रंग काय, रस्त्यावरूनही दिसतात," मुलगा म्हणाला. त्याच्या बोलण्यात माया होती, हे मला कळत होते. तरी ते मनाला लागलेच. वय एकाहत्तर, एक गुडघा बदललेला आणि घर साता समुद्रापलीकडे. माणसाला मोटारीत बसवून ठेवायला एवढी कारणे पुरतात.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. मुलाच्या बॉस्टनच्या घरून अडीच-तीन तासांच्या वाटेवर, न्यू हॅम्पशायरमधल्या व्हाइट माउंटन्समध्ये आम्ही पानगळीचे रंग पाहायला गेलो होतो. तेथे क्रॉफर्ड नॉच नावाच्या खिंडीच्या तोंडाशी १८९१ साली बांधलेले टुमदार रेल्वे स्थानक आहे. त्याच्याजवळून माउंट विलर्डची पायवाट निघते. प्रत्यक्ष चढ सुमारे ९०० फुटांचा, वाट अडीच किलोमीटरची. सिंहगडाच्या चढाच्या निम्माही नाही! मी काठी उचलली आणि चालू लागले. मुलगा मुकाट्याने मागून आला.

भूर्ज आणि बीच पिवळे झाले होते, मेपल लालभडक. मध्येच स्प्रूसचा काळसर हिरवा रंग. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच. हिरव्याखाली झाकलेला असतो, इतकेच. दिवस लहान होऊ लागले की हिरवा विरतो आणि पिवळा उघडा पडतो. मेपलच्या लालीचे मात्र तसे नाही. ती बहुतेक सारी, पान गळण्याआधीच्या थोड्या दिवसांत, उरल्यासुरल्या साखरेतून नव्याने तयार होते. आपल्याकडे कुसुंबाची, पिंपळाची कोवळी पालवी तांबूस असते. लाल रंग बाळपानांचा, असेच मी जन्मभर मानीत आले. येथे तो म्हाताऱ्या पानांना चढला होता.

ओढा ओलांडला, चढ लागला. ओल्या पानांवरून पाय सरकत होते. मी थांबले की मुलगाही थांबे.

"तू पुढे का जात नाहीस?" मी विचारले.

"तू घसरलीस तर धरायला मागेच असायला हवं."

मला एकदम सिंहगड आठवला. महाविद्यालयाची सहल घेऊन गेले होते. हा आठ वर्षांचा, माझ्याबरोबर. विद्यार्थी पुढे धावत होते आणि हा मागे रडत येत होता. "लवकर चल, नाहीतर इथंच ठेवून जाईन," असे मी सगळ्यांदेखत त्याला रागावले होते. ते वाक्य इतकी वर्षे माझ्याजवळ राहिले आहे.

"सिंहगड आठवतो तुला?"

"आठवतो की! तू मडक्यातलं दही घेऊन दिलं होतंस."

बाकीचे त्याला आठवत नव्हते, की आठवूनही तो बोलत नव्हता, हे मी विचारले नाही.

माथ्यावर पोचलो आणि पुढची सारी दरी एकदम उघडी झाली. हिमनदीने कोरलेली, दोन्ही अंगांनी रंगांनी भरलेली. तळाशी रस्ता आणि रूळ दोऱ्यांसारखे. याच दरीत २८ ऑगस्ट १८२६ च्या रात्री दरड कोसळली. विली कुटुंबातली सात माणसे आणि दोन गडी जीव वाचवायला घराबाहेर पळाले, ते मेले. घर मात्र शाबूत राहिले. हॉथॉर्नची 'द अ‍ॅम्बिशस गेस्ट' ही कथा याच घटनेवरची. मी ती मुलाला सांगितली.

"बघ! घरात बसले असते तर वाचले असते," तो म्हणाला. आम्ही दोघेही खूप हसलो. थर्मासमधला चहा प्यालो.

उतरताना गुडघा बोलू लागला. वीस पावले झाली की मी झाडाला टेकत होते. आता मुलगा पुढे झाला होता. उतारावर धरायचे तर पुढेच असावे लागते. दर वळणावर तो थांबे, मागे वळून बघे, हात पुढे करी. निम्म्या वाटेनंतर मी तो हात धरला.

खाली यायला आम्हांला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मी सारखी मागे राहत होते. पण "लवकर चल" असे तो एकदाही म्हणाला नाही.