क्लास लावण्याआधी पेपर वाचा

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात पाय ठेवायला जागा नसते. परभणी, बीड, नांदेड, धाराशिवकडून आईवडील येतात. एका हातात मुलाची गुणपत्रिका, दुसऱ्या हातात पाच-सहा क्लासची माहितीपत्रकं. खोली बघायची, मेस ठरवायची, फीचे हप्ते पाडून घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने गावी परतायचं. एवढ्या धावपळीत मुलाच्या पुढच्या दोन वर्षांचा निर्णय होऊन जातो. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. ओळखीतून ओळख काढत त्यातले काहीजण माझ्याकडे येतात आणि विचारतात, "मॅडम, कुठला क्लास लावू?" मी त्यांच्याकडे मुलाने सोडवलेला एखादा पेपर मागते. बहुतेकांकडे मार्क असतात, पेपर नसतो.

पेपर कशाला हवा, ते एका प्रश्नावरून सांगते. बारावीच्या पुस्तकात दोलनांचा धडा आहे. त्यावर सीईटीला हमखास शोभेल असा प्रश्न: एसएचएम, म्हणजे सरल आवर्त गती, करणारा कण मध्यापासून अँप्लिट्यूडच्या निम्म्या अंतरावर असताना त्याची गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा यांचं गुणोत्तर किती? स्थितिज ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून निम्म्या अंतरावर ती एकूण ऊर्जेच्या पाव हिस्सा. उरलेला पाऊण हिस्सा गतिज. उत्तर 3:1. पर्यायांमध्ये 1:3 असतोच, आणि वर्गात अनेकजण तोच निवडतात.

अशा मुलांना मी एकेकाला फळ्यापाशी बोलावते आणि प्रश्न पुन्हा मोठ्याने सोडवायला सांगते. एकजण बिनचूक सोडवतो, पाव आणि पाऊण दोन्ही काढतो आणि लिहिताना आधी स्थितिज ऊर्जा लिहून मोकळा होतो. प्रश्नातला क्रम त्याने वाचलेलाच नसतो. दुसरीला दोन्ही सूत्रं पाठ असतात, पण कोणतं कशाचं याचा घोळ असतो. मध्यावर कणाचा वेग सगळ्यात जास्त असतो, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर कधी आलेलंच नसतं. तिसरा म्हणतो, "मॅडम, शेवटची पाच मिनिटं होती, टिक करून टाकलं." तिघांनी एकच चुकीचा पर्याय निवडला. टेस्ट सिरीजच्या रिपोर्टमध्ये तिघांच्याही नावापुढे 'दोलने: कच्चा विषय' असंच येणार, आणि तिघांनाही त्याच धड्याचे आणखी शंभर प्रश्न सोडवायला मिळणार. त्यातल्या पहिल्याला ते शंभर प्रश्न अगदीच नकोत. प्रश्नातले शब्द अधोरेखित करत, थोडं सावकाश वाचायची सवय त्याला लावून घ्यायची आहे. दुसरीला शिकवणारं माणूस हवं, समोर बसलेलं, 'कळलं नाही' म्हटल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगणारं. आणि तिसऱ्याला घड्याळ लावून पेपर सोडवायला हवेत.

तयारीची पद्धत निवडायची ती इथून. दोनशे मुलांची बॅच, घरबसल्या व्हिडिओ, गावातले एखादे सर, नुसती टेस्ट सिरीज, यातली कुठलीही गोष्ट मुळात चांगली किंवा वाईट नाही. दुसरीसारख्या मुलीला दोनशेच्या बॅचमध्ये बसवलं, तर ती दोन वर्षं वही भरत राहते आणि डाउट विचारायला उठत नाही. पहिल्यासारख्या मुलाला खरं तर पुस्तक, जुने पेपर आणि आठवड्याला एकदा त्याच्या चुका बघणारं कुणीतरी एवढं पुरतं. त्याच्यासाठी शेत गहाण टाकून फी भरलेली मी पाहिली आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

पेपर पाहिला की मी दुसरी गोष्ट विचारते: परीक्षा नक्की कुठली? 'जेईईची तयारी केली की सीईटी आपोआप होते' हे वाक्य पालकांच्या तोंडी इतकं बसलंय की ते तपासून पाहायला कुणी थांबत नाही. जेईई मेनमध्ये तीन तासांत 75 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जवळपास अडीच मिनिटं. आपल्या एमएचटी-सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे. एका प्रश्नाला मिनिटभरही नाही. गणिताच्या 50 प्रश्नांना वेगळी 90 मिनिटं आणि प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. शिवाय सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडून यायचा नाही. जेईई आणि नीटला बरोबर उत्तराचे चार मिळतात, चुकीचा एक जातो. दोन वर्षं 'खात्री नसेल तर हात लावू नको' हेच ऐकलेला मुलगा सीईटीत प्रश्न कोरे ठेवून येतो. विषय येत असतो, सवय दुसऱ्या परीक्षेची असते. त्यामुळे दोन्ही परीक्षा द्यायच्या असतील, तर शेवटचे काही आठवडे सीईटीच्या वेगाने स्वतंत्र सराव करावाच लागतो.

नीटचं गणित आणखी वेगळं. 2025 पासून पुन्हा 180 प्रश्न आणि 180 मिनिटं. त्यातले 90 बायोलॉजीचे. बायोलॉजी जो लवकर आणि बिनचूक आटोपतो, त्यालाच फिजिक्सला वेळ मिळतो. आणि ते आटोपायचं असेल, तर एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न ओळ वाचलेलं हवं. सीईटीचा पाया आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकांवर आहे. बारावीचा वाटा 80 टक्के, अकरावीचा 20. तरीही मुलांच्या टेबलावर क्लासच्या मॉड्यूलचे गठ्ठे असतात आणि बालभारतीचं पुस्तक मार्चपर्यंत कोरं करकरीत राहतं. कुठल्याही क्लासची पारख करताना मी हे आवर्जून पाहते, की तिथले शिक्षक मुलांना मूळ पुस्तक उघडायला लावतात का.

सराव कसा करावा याबद्दल मानसशास्त्राने जे दाखवलंय, ते आमच्या वर्गात रोज दिसतं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं, तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, 81 टक्क्यांना 75. आठवड्याने विचारलं, तर त्यांचं 42 टक्क्यांवर आलं आणि लिहून काढणाऱ्यांचं 56 वर राहिलं. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, महिन्यांनी असते. रात्री तीन-तीन व्हिडिओ बघून 'सगळं कळलं' म्हणणाऱ्या मुलांना मी म्हणूनच सांगते, व्हिडिओ संपला की वही बंद करून कोऱ्या कागदावर सूत्र मांडून दाखवा.

पण टेस्टचाही अतिरेक होतो. रोज पेपर, रोज रँक, आणि चूक बघायला वेळच नाही. तीन तासांचा पेपर दिला तर निदान दोन तास तो उलगडण्यात जायला हवेत. चुकांची वेगळी वही ठेवायची. प्रश्न, माझं उत्तर, ते तसं का आलं, एवढंच लिहायचं. ती वही भरत गेली की कुठल्या मदतीची गरज आहे, हे मूल स्वतःच सांगायला लागतं.

पैशाबद्दलही बोललं पाहिजे. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, रँकची हमी देऊ नये, मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी परत करावी, हे त्यात आहे. ती अमलात आणणं राज्यांच्या हाती असलं, तरी पावती फाडण्याआधी फी परतीचं लेखी मागायला काहीच हरकत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असंही बजावलं, की जाहिरातीत यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो लावायचा तर त्याने नेमका कुठला कोर्स घेतला होता तेही छापायचं. फ्लेक्सवरचा मुलगा दोन वर्षं तिथे शिकला, की शेवटच्या महिन्यात फक्त टेस्ट सिरीजला बसला, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. ज्यांना फी झेपत नाही, त्यांनी केंद्राचं आयआयटी कानपूरसोबतचं 'साथी' पोर्टल पाहावं. ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना 'महाज्योती' जेईई, नीट, सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. त्यासाठी दहावीनंतर अर्ज मागवतात, त्या तारखांवर लक्ष ठेवावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पालकांच्या कानावर हे नावही गेलेलं नसतं.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बारावीच्या घरांत क्रॅश कोर्सची चर्चा सुरू झाली असेल. जानेवारीत जेईई मेनचं पहिलं सत्र, मग प्रॅक्टिकल, मग बोर्ड. आत्ता नवीन क्लास लावून पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करू नका. सुट्टीत मागच्या वर्षांचे दोन पेपर वेळ लावून सोडवायला द्या. दुसऱ्या दिवशी मुलाशेजारी बसून प्रत्येक चुकीपुढे त्यालाच लिहू द्या: वाचलं नाही, कळलेलं नव्हतं, की वेळ संपला. तुम्हाला फिजिक्स येत नसलं तरी चालतं, लिहिणार तोच आहे. 'कळलेलं नव्हतं' ज्या धड्यांपुढे जास्त येईल, तेवढ्याच धड्यांसाठी शिक्षक शोधा. आणि मूल नीटला बसणार असेल, तर रविवारचा सराव पेपर दुपारी दोनलाच द्या, कारण मे महिन्यातली खरी परीक्षा दुपारी दोन ते पाच असते आणि जेवल्यावर डोळे जड होतात ते त्याच वेळी.