सर्व्हरला कामं कमी सांगा

प्रॉक्सी सर्व्हरचा प्रोसेसर धापा टाकायला लागला की मोठं मशीन मागवायचं, असं माझं सरळ मत होतं. निपाणी भागातल्या एका कॉलेजचं नेटवर्क सांभाळताना मिटिंगमध्ये ते मी ठासून मांडायचो. हल्ली खरेदीचा विषय निघाला की आधी मीच आडवा येतो.

हे मत बदललं प्रोसेसरचा वापर दाखवणाऱ्या 'टॉप' कमांडमुळे. आठ कोरच्या मशीनवर एकूण वापर जेमतेम बारा-तेरा टक्के दिसायचा, आणि लॅबमध्ये पान उघडता उघडत नसे. 1 दाबून कोर वेगवेगळे पाहिले, तर एक शंभरावर आणि बाकीचे सात निवांत! आमचा प्रॉक्सी चालतो स्क्विड या सॉफ्टवेअरवर, आणि त्याचं बहुतेक काम एकाच प्रोसेसमध्ये चालतं. 2012 च्या 3.2 आवृत्तीपासून त्याला जास्त 'वर्कर' प्रोसेस देता येतात, पण ते सेटिंगमध्ये सांगावं लागतं. न सांगता सोळा कोरचं मशीन आणलं असतं, तर पंधरा कोर बसून राहिले असते.

त्या एका कोरचा जीव खात होती अडवायच्या शब्दांची यादी. प्रत्येक रिक्वेस्टचा पत्ता तिच्यातल्या एकेका रेगेक्सशी, म्हणजे शब्दाच्या नमुन्याशी, ताडून पाहिला जायचा. यादीत 'टोबॅको'सुद्धा होता, आणि तोही तंबाखूच्या निपाणीत! 1981 च्या तंबाखू आंदोलनावर प्रकल्प करणाऱ्या पोरांनी शोधायचं कुठं? शिवाय आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आहेत. तिथं प्रॉक्सीला साइटचं नाव तेवढं कळतं, पुढचा पत्ता दिसतच नाही. एवढी झाडाझडती घेऊन हाती लागायचं फारसं काही नाही.

डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावांच्या, यादीचं तसं नसतं. ती स्क्विड अशी लावून ठेवतो की यादी लांबली तरी मोजक्या तुलनांत निकाल लागतो. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर नंबरप्लेट केए 22 की एमएच 09 एवढं बघून गाडी सोडायची, की प्रत्येक गाडीची डिकी उघडायची, एवढा हा फरक. शब्द काढून डोमेन भरले आणि कोर ताळ्यावर आला.

एचटीटीपीएस फोडून आत बघायची सोयही स्क्विडमध्ये आहे. त्यासाठी प्रत्येक कॉम्प्युटरवर आपलं सर्टिफिकेट बसवायचं, आलेलं उलगडायचं, पुन्हा कुलूपबंद करायचं. प्रोसेसरवर भार आणखी. पूर्वी मी त्याचीही बाजू घेतली असती. आज घेणार नाही, कारण पोरांचे बँकेचे पासवर्ड माझ्या मशीनवर उघडे पडणं मला नको आहे.