चिंचेखालची जपमाळ

आरंभीच एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरअखेरीस आमच्या धर्मग्रामातील मुलांचा फुटबॉल संघ घेऊन आम्ही हैदराबादेस गेलो होतो. सामन्यापूर्वी मुलांना कडे करून उभे केले, प्रार्थना सांगितली आणि तीत प्रभूपाशी विजय मागितला. समोरची अकरा मुलेही त्याच परमेश्वराची लेकरे आहेत, हा विचार त्या घटकेस आमच्या मनाला शिवलाही नाही. सेमिनरीत इतकी वर्षे धर्मशास्त्र शिकलेला मनुष्य मैदानाच्या कडेला किती लवकर पोर होतो!

पूर्वार्धातच उंच आलेल्या चेंडूवर दोघांनी एकदम उडी घेतली आणि डोक्यावर डोके आदळले. त्यांचा मुलगा उठला. आमचा उठला नाही. सायंकाळी अफझलगंजच्या उस्मानिया इस्पितळात डॉक्टरांनी सांगितले की मेंदूला सूज आहे, आजची रात्र निघाली पाहिजे. त्याच्या आईला दूरध्वनी करताना आमचा हात कापत होता. ती माउली रडली नाही. एवढेच म्हणाली, "फादर, तुम्ही त्याच्यापाशीच राहा. आम्ही चर्च उघडतो."

आत एकालाच थांबू देत होते. आम्ही आणि मुले पाळीपाळीने बाहेर येऊन इस्पितळाच्या आवारातील एका जुन्या चिंचेखाली बसत होतो. मुशी नदी तेथून हाकेच्या अंतरावर आहे. एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "बाबा, ये झाड ने दीड सौ लोगां को बचाया." ही हकीकत खरी आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशीला महापूर आला, हजारो माणसे वाहून गेली, आणि याच झाडावर चढून सुमारे दीडशे जणांनी जीव वाचविला. त्या रात्री फांद्यांवर कोण कोणत्या धर्माचा होता, हे कोणी विचारले असेल काय? नदी शांत व्हावी म्हणून निजाम महबूब अली खानांनी तिची पूजा केली, असे लोक सांगतात. पुढे विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले आणि उस्मानसागर व हिमायतसागर ही धरणेही झाली. आम्हांला या दोन्ही गोष्टी एकत्र आठवाव्याशा वाटतात.

रात्री दहाच्या सुमारास प्रतिस्पर्धी संघातील सहा-सात मुले आली. ज्याचे डोके आदळले होते तोही कपाळाला पट्टी बांधून आला होता आणि कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. हाती चहाचा थर्मास व बिस्किटे. प्रथम कोणी बोलेना. मग गोष्ट निघाली ती रहीमसाहेबांची. सय्यद अब्दुल रहीम याच शहराचे. १९६२ साली जाकार्ता येथे प्रेक्षक आपल्या विरुद्ध ओरडत असताना त्यांच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. गोलरक्षक हैदराबादचा पीटर थंगराज, आघाडीला जर्नेलसिंग, मधल्या फळीत गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको. पुढल्याच वर्षी रहीमसाहेब कर्करोगाने निवर्तले. मुले तल्लीन होऊन बोलू लागली. आम्हीही थोडा वेळ वरची खाट विसरलो.

मग आमच्या मुलांनी जपमाळ काढली. पाहुणी मुले उठून जातील असे वाटले. ती बसून राहिली. पट्टीवाल्याने दोन्ही तळहात समोर धरले व डोळे मिटले. तिसऱ्या दशकानंतर आमच्या गोलरक्षकाने हळूच विचारले, "फादर, याने तो वाचेल ना?"

होय म्हणावे, असे फार वाटले. पण आम्हांला ५ डिसेंबर २००४ आठवला. बेंगळुरूस फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला आणि दगावला. त्याच्यासाठी का कोणी देवाचा धावा केला नसेल? उलट, २ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेत डेमार हॅमलिनचे हृदय मैदानावरच थांबले. दोन्ही संघ गुडघे टेकून बसले आणि त्याच वेळी उपचारक त्याची छाती दाबत होते. तो जगला, पुन्हा खेळलाही. यातून हिशोब मांडू पाहणाऱ्याला हिशोब लागत नाही. आम्ही त्या मुलाला एवढेच सांगितले की गेथशेमनी बागेत प्रभूनेदेखील मित्रांना जवळ जागत राहायला सांगितले होते. पेला टळावा असे त्यानेही मागितले होते, आणि तो टळला नव्हता. मुलगा काही बोलला नाही. त्याने पुढला मणी धरला. तिकडे गावातही त्याच वेळी जपमाळ चालू होती, हे आम्हांला मागाहून कळले.

पहाटे मशिदीतून अजान झाली तेव्हा पट्टीवाला उठून नमाजास गेला आणि परत येऊन पुन्हा आमच्या शेजारी बसला.

तिसऱ्या दिवशी आमच्या मुलाने डोळे उघडले. आज तो चालतो, बोलतो, शेतात जातो. मात्र डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही व खेळ सुटला आहे. मैदानाच्या कडेला उभा असतो तेव्हा त्याच्याकडे पाहणे आम्हांला अजून जड जाते. सामन्यापूर्वी आता आम्ही समोरच्या संघालाही कड्यात बोलावतो. काही येतात, काही हसतात. छातीवर दाब कसा द्यावा, हे आमच्या मुलांना तालुक्याच्या डॉक्टरांनी दोन रविवार मिस्सेनंतर शिकविले.

तो थर्मास गडबडीत आमच्याच सामानात आला. येत्या सप्टेंबरात तो परत करावयास जावयाचे आहे. आमचा मुलगाही येतो म्हणतो.