आकाशातला ठिपका

कोरियन भाषेत आकाशाला ‘हानुल’ म्हणतात, आणि त्याला ‘नीम’ हा आदरार्थी प्रत्यय लागला की देव होतो. दक्षिण कोरियातले कॅथलिक ‘हानुनीम’ म्हणतात, बहुतेक प्रोटेस्टंट ‘हानानीम’. फरक एका स्वराचा, पण त्यावर अर्थाचा मोठा डोलारा उभा आहे. ‘हाना’ म्हणजे एक, तेव्हा हानानीम म्हणजे एकमेव ईश्वर, अशी फोड अनेक श्रद्धाळू करतात. फोड देखणी आहे, पण जुन्या अक्षरांपुढे तिचं काही चालत नाही. राजा सेजोंगने 1446 मध्ये जाहीर केलेल्या कोरियन लिपीत एक स्वर नुसत्या ठिपक्याने लिहीत. हा गोल ठिपका आकाशाचं रूप, असं लिपीबरोबरच्या विवरणग्रंथातच म्हटलं आहे. आणि गंमत पाहा, पंधराव्या शतकात ‘आकाश’ या शब्दाच्या दुसऱ्या अक्षरात तोच ठिपका होता. ‘एक’ या शब्दात मात्र तो पहिल्या अक्षरात होता. तेव्हा हे शब्द कुणी एकमेकांत मिसळले नसते. पुढे त्या स्वराचा उच्चार कुठे ‘आ’कडे, कुठे ‘उ’कडे झुकला, 1933च्या लेखननियमांनी ठिपकाही काढून टाकला, आणि दोघांत नातं दिसू लागलं. शिवाय संख्येला ‘नीम’ लावायची कोरियनची रीत नाही. बायबलच्या नव्या कराराचं कोरियन भाषांतर करणाऱ्या जॉन रॉस या स्कॉटिश मिशनऱ्यानेही हे नाव आकाशावरूनच आल्याचं लिहिलं होतं.

यावर कुणी म्हणेल, भक्ताच्या मनात ‘एक’ असेल तर तोच अर्थ खरा. मान्य. अर्थ वापरातून घडतो. पण आजचा अर्थ म्हणजे शब्दाचं मूळ नव्हे. हाच नियम दुसऱ्या, धर्माशी संबंध नसलेल्या फोडीलाही लावायला हवा. ‘हान’ म्हणजे मोठं आणि ‘आल’ म्हणजे अंडं, म्हणून आकाश हे महान अंडं! सिल्ला या प्राचीन कोरियन राज्याचा पहिला राजा अंड्यातून जन्मल्याची दंतकथा असलेल्या देशात हा मोह पडणारच. पण ‘आल’मध्ये ठिपक्याचा स्वर नव्हता. स्वर बदलतात हे खरं, पण ते मनाला येईल तसे बदलत नाहीत. असाच बदल झालेले आणखी शब्द दाखवावे लागतात. त्यातच बाराव्या शतकाच्या सुरुवातीला सुन मू या चिनी अधिकाऱ्याने केलेल्या कोरियन शब्दांच्या नोंदीत आकाशासाठी साधारण ‘हाननाल’ असा शब्द आहे. म्हणजे तेव्हाही अंड्याचा त्यात मागमूस नाही.